वासोट्याची वही

वासोट्याला मनात आलं आणि निघालो, असं जमत नाही. कोयना अभयारण्याच्या ऐन गाभ्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हा किल्ला येतो. पावसाळ्यात बंद असतो आणि मुक्कामाला कायमचीच मनाई.

साताऱ्याहून पहाटे निघालो, कास ओलांडून बामणोली गाठली. मी, माझी अकरा वर्षांची लेक आणि धाकटा भाऊ. आधी बोट क्लबात नावं, मग वनखात्याकडे अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स, प्रवेश फी. भावाकडे झेरॉक्स नव्हती आणि गावात लाइट गेलेली. पाऊण तास तिथेच गेला. जाणार असाल तर प्रती घरूनच न्या. लाँच पूर्ण भाड्याने घ्यावी लागते, म्हणून पुण्याच्या सहा जणांबरोबर वाटून घेतली.

शिवसागरातून दीडेक तास. कोयना धरणाच्या या पाण्याखाली कितीतरी गावं गेली. लाँचवाल्या मामांनी मधेच पाण्याकडे हात केला. "हितं आमच्या आज्याचं शेत हुतं." लेकीने विचारलं, "किती खोल?" मामा काही बोलले नाहीत.

मेट इंदवलीला उतरल्यावर वनरक्षकाने सगळ्यांच्या सॅक उघडायला लावल्या. प्लॅस्टिकची एकेक वस्तू मोजून वहीत लिहिली: बाटल्या, बिस्किटांचे पुडे आणि लेकीच्या खिशातली पाच चॉकलेटं. डिपॉझिट घेतलं. "नेलंय तेवढं परत दाखवायचं." पुण्याचा एक जण कुरकुरला. मला मात्र ते मनापासून पटलं. वर जाईपर्यंत वाटेत एक रिकामा पुडा दिसला नाही. दुसऱ्या किती गडांबद्दल असं म्हणता येईल?

ओढ्याकाठी मारुती-गणपती आहेत. तिथून पुढे झाडी अशी दाट, की भर दुपारी अंगाला गारवा लागतो. अस्वलं आणि गवे आहेत, एकत्र चाला, असं बजावून सांगितलं होतं. आम्हाला दिसलं एक शेकरू, उंच फांदीवर झुपकेदार शेपूट सोडून बसलेलं. नागेश्वरचा फाटा गेला की चढ छातीवर येतो.

माथ्यावर बिनछपराचा मारुती, पडका वाडा आणि महादेवाचं छोटं देऊळ. महाराजांनी १६६० साली हा गड घेतला, नाव ठेवलं व्याघ्रगड. पुढे पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेशी हा गड कित्येक महिने झुंजवला. बाबुकड्याच्या टोकाशी पालथं पडून खाली बघताना लेकीने माझं मनगट घट्ट धरलं होतं. समोर जुना वासोटा, म्हणजे शेजारचाच डोंगर. १८१८ साली इंग्रजांनी तिथूनच तोफा डागल्या आणि गड पडला.

मामांनी पाचची वेळ दिली होती, म्हणून लवकर उतरायला लागलो. ओढ्यावर वस्तू मोजल्या तर चॉकलेटचे कागद चारच. लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, मी फाट्यापाशी खाल्लं होतं." डिपॉझिट सोडून देणं सोपं होतं, पण तिला ते नको होतं. भाऊ तिला घेऊन पुन्हा चढला. मी सॅक सांभाळत घड्याळ बघत बसलो. बऱ्याच वेळाने दोघं आले. कारवीच्या बुडाशी, वाळक्या पानांत कागद सापडला होता.

वनरक्षकाने पाचही कागद हातात घेऊन मोजले आणि वहीत बरोबरची खूण केली. लाँच सुटली तेव्हा पाण्यावर ऊन तिरपं झालं होतं आणि लेक मामांच्या शेजारी बसून, आज्याचं शेत नक्की कुठे होतं ते पुन्हा विचारत होती.