ताटांची ट्रॉली आता वाजत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. शेजारच्या काकूंनी विचारलं, मग नणंदेने. परवा भिशीला आलेल्या दोघींनी तर ताटांची ट्रॉली चार-चारदा उघडून लावून पाहिली. प्रश्न सगळ्यांचा एकच: "सॉफ्ट क्लोज बसवून घेतलंत ना? किती पडले?"

माझ्या ओट्याखाली ९ ट्रॉल्या आहेत. सॉफ्ट क्लोज, म्हणजे शेवटी ट्रॉलीला आपोआप अलगद बंद करणारं चॅनेल, त्यातल्या एकीलाच आहे. बाकीच्या ८ जणींना १२ वर्षांपूर्वीचे साधे टेलिस्कोपिक चॅनेल (ट्रॉली ज्यांवर सरकते त्या दोन बाजूंच्या छऱ्यांच्या पट्ट्या) आहेत आणि त्याही आवाज न करता बंद होतात.

आमचं घर डोंबिवलीत, वन बीएचके. ओटा आणि बेडरूम यांच्यामध्ये एकच भिंत. नवऱ्याला महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी असते. तो सकाळी सातला येतो, चहा घेऊन आडवा होतो, आणि नेमकी तेव्हाच माझी डब्यांची घाई. ताटांची ट्रॉली ढकलली की धाडकन आदळायची, आतली ताटं खणखणायची आणि ट्रॉली इंचभर परत बाहेर यायची. म्हणजे पुन्हा ढकला, पुन्हा आवाज. लगेच भिंतीपलीकडून पलंग करकरायचा, कूस बदलल्याचा. तो कधी एका शब्दाने बोलला नाही. पण त्या करकरण्याने माझ्या पोटात कालवायचं.

मीही आधी सॉफ्ट क्लोजच्याच मागे लागले. ट्रॉल्यांचं काम करणाऱ्या एकाकडून ताटांच्या ट्रॉलीला ते चॅनेल बसवून घेतलं. दोन महिन्यांत डावी बाजू अलगद आत जायची, उजवी मध्येच अडायची. आधीपेक्षा वाईट.

पुढे दरवाजा घासायला आलेल्या सुतारमामांना सहज दाखवलं. त्यांनी ट्रॉली काढली, गुडघ्यावर बसून दोन चॅनेलमधलं अंतर टेपने आधी तोंडाशी मोजलं, मग मागे. मागे ४ मिलिमीटर जास्त. "ताई, चॅनेल फाकलंय. यात कितीही महाग माल घाला, अडणारच."

मला तिथे खरी गोष्ट कळली. ट्रॉली अडते म्हणून आपण जोर लावतो, आणि अडणं सुटलं की तोच जोर शेवटी जाऊन आदळतो. आवाज बंद करायचा तर आधी अडणं बंद करायला हवं. सॉफ्ट क्लोज फक्त शेवटच्या दीड-दोन इंचांत काम करतं. तिथे स्प्रिंग ट्रॉलीला आत ओढते आणि छोटा दट्ट्या तिचा वेग मारतो. त्याआधीचा सगळा प्रवास चॅनेलच्या सरळपणावर असतो.

मामांनी मागच्या बाजूचे स्क्रू सैल केले आणि चॅनेलच्या मागे सनमायकाचे एकेक मिलिमीटरचे तुकडे सरकवले, दोन्हीकडे दोन-दोन. स्क्रू परत आवळले. ट्रॉली एका बोटाने आत गेली. मी तेवढ्यात ती दहा वेळा उघडली असेन.

तेव्हापासून बाकीच्या आठ मी स्वतः केल्या, रोज दुपारी एक. ट्रॉली पूर्ण रिकामी करायची, पूर्ण बाहेर ओढायची. दोन्ही बाजूंना चॅनेलवर काळी प्लॅस्टिकची जीभ असते. एकीकडची वर उचलायची, दुसरीकडची खाली दाबायची, आणि सरळ ओढायची. दोन्ही एकाच दिशेने दाबत बसलात तर ती सुटणार नाही. तारेची बास्केट दोन्ही बाजूंनी साधारण अर्धा-अर्धा इंच मोकळी हवी, तेवढी जागा चॅनेलची. स्क्रूचं डोकं वर आलेलं असेल तर ते सरकत्या पट्टीला घासतं. तिथे चपट्या डोक्याचा स्क्रू घाला.

आणि आतली घाण! मसाल्याच्या ट्रॉलीचं चॅनेल मी वर्तमानपत्रावर उपडं केलं तर पीठ, हळद आणि जुनं ग्रीस यांचा काळा चिकट लगदा निघाला, त्यात मोहरीचे चार दाणे. मोहरी चॅनेलच्या छऱ्यांच्या वाटेत गेली की ट्रॉली खडखडते, आणि आपल्याला वाटतं चॅनेल गेलं. जुना टूथब्रश आणि कोरडं फडकं, एवढ्यावर निम्मं काम होतं. मग पांढरं ग्रीस, काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं, बस्स. गोडंतेल किंवा खोबरेल कृपा करून घालू नका. ते घट्ट होतं आणि त्यावर पीठ बसतं. आई लाकडी ड्रॉवरच्या कडांना मेणबत्ती घासायची, ते बरोबरच होतं, पण ते लाकडावर लाकूड घासतं तिथे.

परत बसवताना छऱ्यांच्या पट्ट्या पुढे ओढून घ्या आणि दोन्ही बाजू एकदम सरळ आत घाला. पहिल्यांदा जड जाते, शेवटपर्यंत ढकला, मग सुटते.

सिंकच्या बाजूची ट्रॉली सगळ्यांत त्रासाची. पावसाळ्यात तिथला बोर्ड फुगतो आणि स्क्रू भोकात नुसता फिरतो. भोकात फेव्हिकॉल लावलेल्या काड्या ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या, सकाळी स्क्रू घट्ट बसला. बोर्ड पार भुसभुशीत झाला असेल तर मात्र हा उपाय टिकत नाही, तिथे तेवढी फळी बदलाच.

ताटांची खणखण राहिली होती, ती ट्रॉलीची नव्हे, स्टीलवर स्टीलची. फिश टँकची पातळ पारदर्शक नळी आणली, उभी चिरली आणि ताटं टेकतात त्या तारांवर चढवली. शटर जिथे टेकतं तिथे चारी कोपऱ्यांना सिलिकॉनची छोटी बटणं चिकटवली. महिन्याभराने एखादं निसटतं, तेव्हा कडा आधी तेलकटपणा जाईपर्यंत पुसून घ्या.

सॉफ्ट क्लोजवाली आता नीट चालते. तिला शेवटी हाताने दाबायचं नाही, हे मुलांना आणि मावशींना मात्र सांगावं लागलं.

काकू, तुमच्या चमच्यांच्या ट्रॉलीचं रविवारी दुपारी बघू. टेप आणि सनमायकाचे तुकडे माझ्याकडे आहेत. तुम्ही तेवढी ट्रॉली रिकामी करून ठेवा.