दोन ओळींत वाचायचं तरी काय?

"एवढ्याशा दोन ओळी. अर्ध्या मिनिटात वाचून होतात. त्यात रसग्रहण करण्यासारखं असतं तरी काय?" चारोळी, हायकू (तीन ओळींची जपानी वळणाची कविता) किंवा अलक, म्हणजे अति लघुकथा, यांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला वाचलेलं आवडलेलं असतं, पण 'छान' म्हणून झाल्यावर पुढे काय करायचं ते उमगत नाही. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकच गाथा, म्हणजे दोन ओळींची प्राकृत कविता, समोर ठेवून सांगते. हाल सातवाहन राजाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या 'गाथासप्तशती' या संग्रहातली ही गाथा माहाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्याच घराण्यातली.

भम धम्मिअ वीसत्थो सो सुणओ अज्ज मारिओ तेण ।
गोलाणइकच्छकुडंगवासिणा दरिअसीहेण ॥

साध्या मराठीत: धार्मिकबुवा, आता खुशाल हिंडा. ते कुत्रं आज मारलं त्यानं, गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं.

आधी मोठ्यानं म्हणा. अर्थाच्या मागे लगेच धावू नका. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, आणि ओळीचं शेवटचं अक्षर गुरू धरायचं. प्रत्येक ओळीचे दोन भाग: पहिलीत १२ आणि १८, दुसरीत १२ आणि १५, एकूण ५७ मात्रा. पहिल्या ओळीत 'वीसत्थो'पाशी श्वास घ्यायला जागा आहे. दुसरीत मात्र बारावी मात्रा 'कुडंग'च्या, म्हणजे जाळी या शब्दाच्या, पोटात संपते. तिथे थांबलात तर समास तुटेल, तो एका दमात म्हणायचा. तसा म्हटलात की एक गोष्ट कानालाच कळते. नदी, काठ, जाळी, तिथे राहणारा, मस्तवाल, असं लांबत लांबत जातं आणि सिंह येतो अगदी शेवटच्या शब्दात. पहिल्या ओळीत नुसतं 'तेण', म्हणजे 'त्यानं'. कोणी, ते कळायला पूर्ण ओळभर थांबावं लागतं.

आता विचारा: कोण बोलतंय, कोणाशी, आणि का? गाथेत 'ती म्हणाली' असं कुठेच नाही. टीकाकारांनी लावलेला अर्थ असा की बोलणारी एक स्त्री आहे. गोदाकाठची ती जाळी म्हणजे तिची प्रियकराला भेटायची जागा. हा धार्मिक माणूस तिथे फुलं तोडायला येतो आणि अडचण होते. कुत्र्याची त्याला भीती होती. आता तेच मेलं, म्हणून ती त्याला हिंडायची मोकळीक देते आहे, आणि कुत्र्याला मारणारा सिंह तिथेच राहतो हेही त्याच वाक्यात सांगते आहे. तोंडावर 'या', मनात 'पाऊल टाकाल तर खबरदार'. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात हीच गाथा उदाहरण म्हणून घेतली: शब्द होकाराचे, ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, नकाराचा. पुढे महिमभट्ट या दुसऱ्या पंडितानं हरकत घेतली की हा ध्वनी नव्हेच, साधं अनुमान आहे. दहा शब्दांवरून मोठमोठ्या पंडितांनी इतकं भांडावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

यानंतरचं काम सगळ्यांत आनंदाचं. एकेक शब्द काढून बघायचा. 'सो' काढा, म्हणजे 'ते कुत्रं' ऐवजी नुसतं 'कुत्रं' म्हणा. त्याला कुत्र्याचा आधीपासून धाक होता, हे गेलं. 'अज्ज' काढा, ताजी बातमी शिळी झाली. 'वासिणा' काढून पाहा. मग सिंह वाटेनं जाता जाता आला असेल आणि निघूनही गेला असेल, धार्मिकबुवा उद्या निर्धास्त येतील. तिचा सगळा बेत त्या 'राहणाऱ्या'वर उभा आहे. उत्तम छोट्या लेखनात असे शब्द सापडतात. काढून काहीच बिघडलं नाही, तर तो शब्द भरीचा.

अलक वाचताना हीच कसोटी लावा. बऱ्याच अलक शेवटच्या ओळीतल्या धक्क्यावर उभ्या असतात. पत्र लिहिणारा मेलेला निघतो, लेक समजलो ती बाहुली निघते. पहिल्यांदा दचकायला होतं. दुसऱ्यांदा वाचायला घेतलं की हातात काही उरत नाही, कारण लेखकानं माहिती फक्त लपवून ठेवली होती. वरच्या गाथेत गुपित कळल्यावर खरी गंमत सुरू होते. म्हणून मत बनवायच्या आधी दुसरं वाचन कराच. शेवटी लेखकानं स्वतःच अर्थ सांगून टाकला असेल, तर ती ओळ झाकून वाचा. पुष्कळदा कथा सुधारते.

हायकूचं थोडं वेगळं आहे. त्यात बोलणारं पात्र बहुधा नसतं, दोन दृश्यं शेजारी ठेवलेली असतात आणि मधे एक चीर असते. जपानी कवी बाशोच्या १६८६ मधल्या बेडकाच्या हायकूत जुनं तळं येतं, मग 'या' हा निव्वळ थांबा दाखवणारा शब्द, मग बेडकाची उडी आणि पाण्याचा आवाज. जपानी कवितेत बेडूक तोवर गायचा, त्याच्या ओरडण्याचं कौतुक होतं. इथे तो उडी मारतो. एवढं ठाऊक असलं की तो आवाज नवा ऐकू येतो. जपानी हायकूच्या मोजणीतला पाच-सात-पाचचा हिशेब मात्र मराठी अक्षरांवर तसाच लादू नका. जपानी मोजणी आपल्या मात्रांच्या जवळची आहे: 'निप्पोन' आपल्याला तीन अक्षरं वाटतात, तिथे नि-प्-पो-न् अशी चार मोजतात. मराठीत हायकू रुजवणाऱ्या शिरीष पै यांच्या वाटेनं आलेल्या रचना तीन ओळींच्या आणि बहुधा यमकाच्या असतात, त्या तशाच वाचाव्यात. एकच वाक्य तीन ठिकाणी मोडून लिहिलेलं दिसलं, मधे चीर नसली, तर ते गद्यच.

आणि एका बैठकीत चाळीस वाचू नका. पाचव्यानंतर पहिलीची चव जाते, सगळ्या एकसारख्या वाटायला लागतात, आणि दोष कवितेवर जातो. दिवसाला दोन पुरे. एक सकाळी वाचावी आणि रात्री न बघता आठवून लिहावी. जो शब्द चुकीचा आठवला, तिथे मूळ पुन्हा उघडून बघा, कवीनं आपला सोपा शब्द का टाळला ते तिथे कळतं. सप्तशतीसाठी स. आ. जोगळेकरांची १९५६ ची मराठी आवृत्ती आहे. तिच्यात अर्थाकडे नजर जायच्या आधी मूळ गाथा दोनदा म्हणून घ्या. 'गोला' म्हणजे गोदावरी आणि 'सुणओ' म्हणजे कुत्रा, एवढं कळलं की पुढच्या दोन-तीन गाथांत बरेच शब्द ओळखीचे निघतील.