तुम्ही विचारलंत म्हणून: अडतीस पायऱ्यांचा कॅल्क्युलेटर

जमीन मोजणीच्या पिशवीतून मी कॅसिओचा जुना कॅल्क्युलेटर, एफएक्स-३६००पी, काढला की सोबतची पोरं विचारतातच, "सर, अजून हाच? नवा घ्या ना." नवा आहे माझ्याकडे, एफएक्स-५८००पी, त्याच पिशवीत. मग जुना कशाला बाळगता? दर वेळी मी "सवय" म्हणून विषय बदलतो. आज बदलत नाही.

नवा उजवा आहे, हे आधीच कबूल करतो. २८,५०० बाइट जागा, चार ओळींचा पडदा. लिहिलेला प्रोग्रॅम ओळीओळीने वाचता येतो, चुकलेली ओळ दुरुस्त करता येते, आणि आकडा मागताना तो कशाचा आकडा मागतोय तेही सांगतो. जुन्यात प्रोग्रॅमसाठी पी१ आणि पी२ अशा दोनच जागा, दोन्ही मिळून ३८ पायऱ्या, म्हणजे जेमतेम तेवढीच बटणं लक्षात ठेवणार. भरलेला प्रोग्रॅम परत बघता येत नाही. शंका आली तर पुसून पहिल्यापासून भरायचा. मध्येच आकड्यासाठी थांबतो, पण कोणत्या आकड्यासाठी ते आपणच ध्यानात ठेवायचं. सेल काढला की सगळं गेलं. तरी १९७५ च्या एचपी-२५ या कॅल्क्युलेटरचा ४९ पायऱ्यांचा प्रोग्रॅम नुसतं बटण बंद केलं तरी जायचा. त्या मानाने हा बंद केल्यावरही लक्षात ठेवायचा, याचंच आम्हाला केवढं अप्रूप होतं!

आता धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडची गोष्ट. १९९१ चा एप्रिल. पांझरेच्या खोऱ्यात एका गावाला जुन्या पाटातून वरच्या शेतांकडे नवी चारी काढायची होती. पैसा नव्हता, गावकरी स्वतः खोदणार होते. मध्ये टेकाड असल्यामुळे मी थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावून टॅकोमेट्रीने मोजणी केली. समोर उभ्या धरलेल्या मोजपट्टीवर (स्टाफवर) दुर्बिणीतल्या वरच्या आणि खालच्या तारेमध्ये दिसणारं अंतर आणि उभा कोन, एवढ्या दोन आकड्यांवरून उंची आणि आडवं अंतर काढायचं. स्टाफवरच्या अंतराला ५० ने आणि दुप्पट कोनाच्या साइनने गुणलं की उंची. हे सगळं ३६००पी मध्ये भरलेलं होतं.

संध्याकाळी एकाच्या ओट्यावर कंदिलाशी बसून हिशोब केले. माझा मदतनीस फील्ड बुकातून वाचत होता, मी बटणं दाबत होतो. टेकाडावरच्या स्टेशनाला, म्हणजे मोजणीच्या ठिकाणाला, तो म्हणाला, "एक पॉइंट वीस, दोन वीस." म्हणजे स्टाफवर १.२० आणि कोन दोन अंश वीस मिनिटं. मी दाबलं २.२०. अंश-मिनिटांचं बटण दाबलंच नाही. साठ मिनिटांचा एक अंश, म्हणून खरा आकडा २.३३३. उंची ४.८८ मीटर यायला हवी होती, आली ४.६०. कॅल्क्युलेटरने ती निमूट दिली. टेकाडापुढचं प्रत्येक ठिकाण कागदावर २८ सेंटिमीटर खाली गेलं. परत पहिल्या बिंदूवर येऊन क्लोजिंग घेतलं असतं, म्हणजे त्याची उंची पहिल्याइतकीच येते का ते पाहिलं असतं, तर हिशोबातच कळलं असतं. अंधार पडला म्हणून घेतलं नाही.

मी दिलेल्या खोलीप्रमाणे माणसांनी नऊ दिवस मुरूम फोडला. पाणी सोडलं त्या दिवशी सगळं गाव चारीच्या काठाने चालत होतं. टेकाडाच्या वळणावर पाणी थबकलं, फुगलं आणि काठावरून बाहेर सांडायला लागलं. गावचा पाटकरी, फडाचं, म्हणजे गावाने मिळून भिजवायच्या शेतांचं, पाणी वाटण्यात हयात गेलेला माणूस, वळणाशी उकिडवा बसला आणि ओल्या मुरमावर हात ठेवून मला म्हणाला, "भाऊ, पानी पुढे काब्र जात नही?" त्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं.

त्या रात्री मी तक्ते घेऊन हाताने सगळं परत केलं आणि ४.८८ पाशी थांबलो. पुढचे तीन दिवस त्यांच्याबरोबर टिकाव चालवला. मजुरी देऊ केली, त्यांनी घेतली नाही. ते मला जास्त लागलं.

नंतर बरीच वर्षं मी सांगत आलो की मदतनिसाने नीट वाचलं नाही. तो बिचारा बरोबर वाचत होता. पुढे सांगू लागलो की अडतीस पायऱ्यांत अंश आणि मिनिटं वेगळी विचारायला जागा कुठे होती? एकदा पायऱ्या मोजायला बसलो. माझे दोन्ही प्रोग्रॅम मिळून चोवीसच्या आसपास भरले. मिनिटं वेगळी घेऊन साठाने भागायला सहा पुरतात. जागा होती.

म्हणजे चूक माझी, कॅल्क्युलेटरची नाही? असंही धड म्हणवत नाही. आकड्याचं नाव विचारणारं यंत्र हातात असतं तर मी क्षणभर थांबलो असतो, असं वाटतं. पण ५८००पी ला "कोन?" विचारायला लावून त्यात २.२० भरून पाहिलं, त्यानेही ४.६० च दिली.

आता दोन्हींमध्ये अंश आणि मिनिटं वेगळी मागणारा प्रोग्रॅम आहे. जुन्याचा सेल बदलला की तो मी डायरीत पाहून, एकेक बटण मोठ्याने म्हणत भरतो. भरून झाला की आधी १.२०, दोन, वीस देतो आणि ४.८८ येईपर्यंत पिशवी उचलत नाही.