तुम्ही विचारलंत म्हणून : थोरली नव्हे, मधली

"तुम्ही घरात थोरल्या असाल, नाही का?" पतसंस्थेची अध्यक्ष झाल्यापासून हा प्रश्न मला वार्षिक सभेत विचारतात तसा इंदूरच्या रामबागेतल्या हळदीकुंकवातही विचारतात. मी मधली आहे म्हटलं की विचारणारीचा चेहरा जरा पडतो.

थोरलीच कर्तबगार निघते, हा समज जुना आहे. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जन्मक्रमाची स्वभावाशी सांगड घातली आणि ती लोकांना पटली, कारण प्रत्येक घरात एखादं उदाहरण सापडतंच. २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २०,००० हून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा बहिर्मुखता, काटेकोरपणा, मनमिळाऊपणा यांतल्या कशाशीच जन्मक्रमाचा संबंध निघाला नाही. बुद्धीच्या चाचण्यांत थोरल्यांना किंचित जास्त गुण, एवढंच.

देश किंवा कंपनी चालवलेल्या बायकांची नावंच घ्यायची तर बेनझीर भुट्टो चौघांत थोरल्या, अंगेला मेर्केल तिघांत थोरल्या. पण मार्गारेट थॅचर दोघी बहिणींत धाकट्या आणि इंद्रा नूयी माझ्यासारख्या मधल्या: वर बहीण, खाली भाऊ. शिवाय हिशेबात एक गोम आहे. दोन मुलांच्या घरात निम्मी मुलं थोरली, पाच मुलांच्या घरात पाचातलं एक. मुलींना शिकवणारी घरं लहान असली, तर खुर्चीवर थोरल्या जास्त दिसणारच.

आमच्या घरी थोरली ताई. ती दहावीत असताना आईला संधिवातानं धरलं आणि स्वयंपाक, रेशन, भावाचा डबा, आल्यागेल्याचा चहा सगळं तिच्याकडे गेलं. जबाबदारी तिची, निर्णय मात्र एकही नाही. दूधवाला बदलायचा तरी बाबांना विचारून. मी वक्तृत्व स्पर्धांना उज्जैन-देवासला हिंडू शकले ती ताई घरात होती म्हणून. ती आणि भाऊ यांच्यामधे राहून घासाघीस तेवढी शिकले. ठेवीदारांशी बोलताना ती उपयोगी पडते, हे खरं. पण तो मधलेपणाचा गुण की आमच्या घराचा, कोण सांगणार?

इंदूरनं १९८९ ते २०१४ सलग आठ वेळा सुमित्रा महाजनांना लोकसभेत पाठवलं, त्या सभागृहाच्या अध्यक्षही झाल्या, तरी गावाला त्या ताईच. त्यात प्रेम आहेच. पण कर्तबगार बाईला थोरल्या बहिणीच्या जागी बसवलं, की तिनं सगळ्यांचं ऐकून घ्यावं, सांभाळून घ्यावं ही अपेक्षाही मागोमाग येते. कर्ज नाकारलं की मला ऐकवतात, "ताई, तुम्हीसुद्धा?"

मध्यंतरी शाखा व्यवस्थापकाच्या मुलाखती होत्या. एक संचालक एका मुलीबद्दल म्हणाले, "घरात मोठी आहे, सांभाळून नेईल." मी तिला एवढंच विचारलं, की साहेबांच्या ओळखीचा थकबाकीदार समोर आला तर काय करशील? तिनं नोटीस काढायची पायरी न अडखळता सांगितली. घेतली तिला.

आणि हो, माझ्या आधीच्या अध्यक्षांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. ते शेंडेफळ होते.