वुडवर्ड रस्त्यावरचे जुने दिवे

डेट्रॉइट परिसरात राहणाऱ्या माणसाला जुन्या गाड्यांची आवड नसली तरी हळूहळू लागते, कारण ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्न्डेलपासून पॉन्टिॲकपर्यंतचा वुडवर्ड रस्ता त्यांनी भरून जातो. १९९५ पासून हा मेळा भरतो आहे. दिवसा लोकांचे डोळे क्रोमवर आणि कान इंजिनाच्या आवाजावर असतात. मला मात्र दिवेलागणीची वेळ अधिक आवडते, कारण दिवे लागले की समोरची गाडी कोणत्या काळातली असावी याचा अंदाज मालकाला न विचारता बांधता येतो. अमेरिकन गाड्यांच्या दिव्यांना आजचे रूप दिले ते कायद्याने आणि तारा वाचवण्याच्या काटकसरीने, असे माझे मत आहे. शैलीकारांचा वाटा त्यानंतरचा.

मेळ्यात एखादी फोर्डची मॉडेल टी असतेच. तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीत पुढचे दिवे ॲसिटिलीन वायूवर आणि बाजूचे व मागचे दिवे रॉकेलवर चालत. १९१५ पासून विजेचे हेडलाइट आले, पण त्यांना वीज मिळे ती मॅग्नेटोकडून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राकडून, बॅटरीकडून नव्हे. त्यामुळे इंजिन जोरात फिरले की उजेड वाढे आणि संथ झाले की दिवे मिणमिणत. म्हणजे अंधारातल्या अवघड वळणावर वेग कमी करावा, तर नेमका तेव्हाच रस्ता दिसेनासा व्हायचा. कॅडिलॅकने मात्र १९१२ च्या मॉडेलमध्येच चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आणि त्याच्या जोडीने विजेचे दिवे दिले होते.

खरी कलाटणी १९४० च्या मॉडेलांपासून मिळाली. तोवर आरशाचा चांदीचा मुलामा काळवंडे, काचेच्या फटीतून धूळ आणि ओल शिरे आणि बल्ब बदलताना फोकस हले. यावर उपाय म्हणून काच, परावर्तक आणि फिलामेंट कायमचे एकत्र बंद केलेला, सात इंच व्यासाचा ‘सील्ड बीम’ दिवा सर्व कंपन्यांनी स्वीकारला आणि तोच नियम ठरला. तो जळाला की पूर्ण दिवाच बदलायचा, पण देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातल्या पेट्रोल पंपावर तोच दिवा मिळणार ही खात्री असे. या सोयीची किंमत शैलीकारांनी मोजली: पुढे सतरा वर्षे अमेरिकन गाडीचा चेहरा कसाही रंगवला, तरी त्याला सारखेच दोन गोल डोळे असत. १९५७-५८ मध्ये पावणेसहा इंचांच्या चार दिव्यांना परवानगी मिळाली आणि १९७५ पासून चौकोनी दिवे दिसू लागले. सित्रोएन डीएस या फ्रेंच गाडीचे, स्टिअरिंगबरोबर वळणारे आणि काचेआड बसवलेले दिवे अमेरिकेच्या नियमांत बसत नसल्याने ती गाडी इथे वेगळ्या दिव्यांनिशी विकावी लागली. बल्ब बदलता येणारे हेडलाइट १९८३ मध्ये मंजूर झाले आणि १९८४ ची लिंकन मार्क सेव्हन ही ते लावणारी पहिली अमेरिकन गाडी ठरली. चांगल्या नियमाला वेळेत रजा दिली नाही तर काय होते, याचे इतके नेटके उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांकडे १९५६ ची शेव्हरोले बेल एअर आहे. तिचे पेट्रोल भरण्याचे तोंड डाव्या टेललाइटमागे दडलेले आहे, हे ते प्रत्येक नव्या पाहुण्याला दाखवतात. हेडलाइटचे बटण डॅशबोर्डमधून बाहेर ओढायचे असते: अर्धे ओढले की पार्किंग लाइट, पूर्ण ओढले की हेडलाइट, आणि तेच गोल फिरवले की डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त होतो. अप्पर-डिपरचे बटण मात्र हाताशी नसून डाव्या पायाशी, थेट जमिनीवर बसवलेले आहे. हेडलाइटसाठी फ्यूज नाही. स्विचच्या आतच एक आपोआप जोडणारा ब्रेकर असतो. तार कुठे बॉडीला टेकली तर तो तापून प्रवाह तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो, म्हणून दिवे कायमचे विझण्याऐवजी मिचमिचत राहतात. रात्रीच्या हायवेवर मिचमिचणारा दिवासुद्धा पूर्ण काळोखापेक्षा बरा, हा त्यामागचा विचार मला पटतो.

काटकसर पाहायची तर मागच्या बाजूला जावे. आपल्याकडे मागचा इंडिकेटर पिवळा असतो आणि ब्रेकचा दिवा लाल, त्यामुळे इथे नव्याने आलेल्या मराठी माणसाला पुढच्या गाडीने ब्रेक लावला आहे की साइड दिली आहे हे पटकन उमगत नाही. अमेरिकन गाडीत एकाच लाल काचेमागच्या एकाच बल्बकडून तिन्ही कामे करून घेण्याची जुनी पद्धत आहे. ११५७ या क्रमांकाच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात: आठ वॅटचे मंद टेललाइटसाठी आणि सत्तावीस वॅटचे प्रखर, ब्रेक व इंडिकेटर या दोन्हींसाठी. त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे बल्ब उलटा बसतच नाही. ब्रेकची वीज आधी स्टिअरिंगखालच्या इंडिकेटर स्विचमध्ये जाते आणि तिथून मागच्या दोन बल्बांकडे. डावीकडची साइड दिली की हा स्विच डाव्या बल्बाला ब्रेकच्या तारेपासून सोडवून फ्लॅशरच्या, म्हणजे दिव्याची उघडझाप करवणाऱ्या भागाच्या, तारेला जोडतो. म्हणून ब्रेक दाबलेला असताना उजवा दिवा स्थिर राहतो आणि डावा उघडझाप करतो.

फ्लॅशर म्हणजे एक लहानसा डबा. आतली पट्टी प्रवाहाने तापून वाकते, संपर्क तुटतो, थंड होते, पुन्हा जुळते. एखादा बल्ब गेला की प्रवाह घटतो आणि लय बिघडते किंवा थांबते, त्यामुळे चालकाला बिघाड बसल्या जागी कळतो. याच कारणाने अशा गाडीत हौसेने एलईडी बल्ब घातले की इंडिकेटर लुकलुकत नाहीत: त्यांचा प्रवाह पट्टीला तापवण्याइतका नसतो. १९६५ च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये तर मागचे दिवे आतून बाहेरच्या दिशेने एकामागून एक लागत, आणि त्यासाठी एक छोटी मोटर संपर्क फिरवत असे.

पुढचे इंडिकेटर १९६३ च्या मॉडेलांपासून पांढऱ्याचे पिवळे झाले आणि १९६८ पासून गाडीच्या बाजूंना मार्कर दिवे किंवा परावर्तक सक्तीचे झाले. सत्तरच्या दशकातील अनेक गाड्यांत पुढच्या मार्करची जोडणी इतकी कल्पक आहे की ती पाहून मला मनापासून आनंद होतो. या बल्बाला स्वतःचे अर्थिंगच नसते; त्याचे एक टोक पार्किंगच्या तारेला आणि दुसरे इंडिकेटरच्या तारेला जोडलेले असते. पार्किंग लाइट चालू असताना वीज मार्करमधून इंडिकेटरच्या फिलामेंटमार्गे बॉडीत उतरते आणि मार्कर पेटतो. त्याच क्षणी इंडिकेटर लागला की दोन्ही टोकांना विजेचा सारखाच दाब येतो, प्रवाह थांबतो आणि मार्कर विझतो. म्हणून ते दोघे आळीपाळीने लुकलुकतात. दिवसा, पार्किंग लाइट बंद असताना, हीच वाट उलटी चालते आणि दोघे एकत्र लागतात. एकही जादा स्विच न वापरता केवढे काम!

या सगळ्या गाड्यांत परतीची तार म्हणजे गाडीची बॉडी, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच उद्भवतात. होल्डर गंजला की वीज दुसऱ्या फिलामेंटमधून पळवाट शोधते आणि ब्रेक दाबल्यावर भलतेच दिवे मंदपणे उजळतात. बल्बाला दोष देण्याआधी सँडपेपर हाती घ्यावा.

हा मुद्दा मुंबई-पुण्यातल्या वाचकांनाही लागू पडतो, कारण वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात क्रायसलरच्या डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या आणि त्यांपैकी काही आजही लोकांनी जपल्या आहेत. १९५५ पर्यंतच्या या गाड्या मुळात ६ व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेल्या, होत्या. सारख्याच वॅटसाठी ६ व्होल्टला दुप्पट प्रवाह लागतो, त्यामुळे १२ व्होल्टच्या गाडीत खपून जाणारा गंज इथे दिवा निम्मा करून टाकतो. अशा गाडीची बॅटरी बदलताना कोणते टोक बॉडीला आहे ते आधी तपासावे, आणि एलईडी बल्ब घेताना तो पॉझिटिव्ह अर्थवर चालतो का, हे दुकानदाराला विचारूनच पैसे द्यावेत.