व्हीआरएसचे पैसे गेले कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर आजवर हसून विषय बदलत आलो. परवा मेव्हण्यांच्या साठीला पंगतीत जिलबी वाढता वाढता भाच्याने विचारलंच, "मामा, तेव्हा सात लाख मिळाले होते ना? मग या वयात वॉचमनकी कशाला?"

दारू नाही, जुगार नाही, बाई नाही. हे आधी सांगतो, कारण विचारणाऱ्याच्या डोळ्यांत तेच असतं.

२००३ साली व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेऊन ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली नोकरी सोडली तेव्हा मी ४५ वर्षांचा. कर्ज फेडून, गावच्या घरावर पत्रे घालून चार लाख उरले. ज्या एफडीवर मी पूर्वी बारा टक्के पाहिले होते, तिथे बँका आता सहाच्या आसपास देत होत्या. पोस्टाच्या मासिक योजनेत आठ. बायको म्हणाली, दोघांच्या नावावर पोस्टात टाका. चार लाखांवर महिन्याला २,६६७ रुपये. नाक्यावरची पतसंस्था बारा टक्के देत होती, म्हणजे ४,०००. फरक १,३३३ रुपयांचा. धाकट्याच्या क्लासची फी जवळपास तेवढीच होती. मी हावरट नव्हतो हो, मी भागाकार केला होता.

बँकेतल्या ठेवीला तेव्हा निदान एक लाखाचा विमा होता, पतसंस्थेच्या ठेवीला तोही नाही. हे मला शटर पडल्यावर कळलं.

पण माझे चार लाख हे अर्धंच उत्तर आहे. कंपनीत माझ्याच खात्यात काम करणारा एक मित्र वारला होता. त्याच्या बायकोला, वहिनींना, मीच घेऊन गेलो त्या पतसंस्थेत. ८०,००० रुपये. त्यांनी मला विचारलंही नव्हतं. मीच शहाणपणा केला. २००७ मध्ये आधी व्याज दोन महिने लांबलं, मग मॅनेजर "सोमवारी या" म्हणू लागला. एका सोमवारी शटर अर्धं खाली आणि बाहेर दीडदोनशे माणसं. वहिनी कडेला उभ्या होत्या. पावती पदराच्या टोकाला बांधून आणली होती. मला पाहिलं तरी गाठ सोडली नाही, एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून वॉचमनकी. दर महिन्याला १,००० वहिनींकडे. ८० हप्ते. त्या दरवेळी नको म्हणायच्या, चहा ठेवायच्या आणि नोट देवापुढे ठेवायच्या. ते फिटलं तोवर नोकरीची सवय झाली होती, आणि ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतची, पेन्शन दोन हजारांच्या आतली. आता सरकारच्या ज्येष्ठांच्या बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात म्हणे. ठेवा बापडे.

मी बायकोला म्हणतो, चार वर्षं व्याज तर आलं, एक लाख ब्याण्णव हजार. ती म्हणते, "आणि मुद्दल?" त्या क्लासवर धाकटा डिप्लोमाला लागला, हेही मी म्हणतो. ती म्हणते, तो पोस्टाच्या व्याजावरही लागला असता. लागला असता का? मला अजून तसं वाटत नाही.