काळे रक्त

आषाढातली दुपार होती. फोंड्याचा पाऊस नेहमीप्रमाणे कोणाचेही न ऐकता पडत होता आणि सुट्टीमुळे घरी अडकलेला माझा भाचा ‘रेझिडेंट ईव्हिल’ या भयाच्या व्हिडिओ खेळाची २०१५ सालची आवृत्ती खेळत बसला होता. ती मीच त्याच्या गळ्यात मारली होती. बराच वेळ तो निमूट खेळला आणि मग वैतागून म्हणाला, “मामा, हे दार दर वेळी एवढं हळू का उघडतं?”

ज्यांनी तो खेळ खेळला आहे त्यांना ते दार वेगळे सांगायला नको. एका खोलीतून दुसरीत जाताना सगळा पडदा काळा होतो, त्या काळोखात फक्त एक दार उरते, मूठ फिरते, बिजागरी करकरते आणि दार आत जाते. १९९६ साली कॅपकॉम या जपानी कंपनीने हा खेळ पहिल्या प्लेस्टेशनसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी, काढला, तेव्हा तबकडीवरून पुढची खोली वाचून घ्यायला त्या यंत्राला जो वेळ लागे, तो झाकण्यासाठी हे दार पुढे केलेले होते. आजच्या यंत्राला ती खोली पापणी लवायच्या आत वाचता येते, तरीही दार तितक्याच सावकाशीने उघडते, कारण त्या करकरीत खेळाडूच्या पोटात जो गोळा येतो तो कोणत्याही राक्षसाच्या चित्राने येत नाही, हे करणाऱ्यांना पुढे उमगलेले होते. भाच्याला मी एवढेच सांगितले की, दार उघडेपर्यंत पलीकडे काय आहे याचा विचार कर. तो म्हणाला, “केला. जिना आहे.”

माझे थोरले काका बोटीवर होते. गोव्यात एवढे सांगितले की पुढचे सांगावे लागत नाही. साबणाच्या वड्या, चॉकलेटांचे डबे आणि न चालणारी घड्याळे आपोआप डोळ्यांसमोर येतात. एका खेपेला त्यांनी जपानातल्या बंदरातून करड्या रंगाचे प्लेस्टेशन आणि ‘बायोहझार्ड’ या मूळ जपानी नावाची तबकडी आणली. जपानी यंत्र शंभर व्होल्टवर चालणारे, त्यामुळे मडगावहून विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणावा लागला आणि तो खेळ चालू असेपर्यंत सोप्यावर अखंड गुणगुणत राहायचा. एवढे करून चित्र उमटले ते काळे-पांढरे, कारण यंत्र एनटीएससी या रंगपद्धतीचे आणि आमचा टीव्ही पाल पद्धतीचा, आणि एकाचा रंग दुसऱ्याला उलगडत नसे. आजीने चष्मा पुसून पडद्याकडे पाहिले आणि काकांना विचारले, “एवढ्या लांबून आणलास, आणि रंग तिथेच विसरलास काय रे?”

त्या रंगहीनतेचे आमच्यावर जे उपकार आहेत ते मला पुढे कळले. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रक्त काळेच दिसते, सावलीही काळी आणि गालिच्यावरचा जुना डागही काळा. त्यामुळे हा खेळ ज्या वाड्यात घडतो त्यातला प्रत्येक काळा ठिपका आम्हांला संशयास्पद होता आणि चुलतभाऊ तर जेवणघराच्या फरशीवरून चालतानासुद्धा जिलला, म्हणजे आमच्या नायिकेला, भिंतीच्या कडेकडेने नेत असे. पात्रे इंग्रजीत बोलत, ते आम्हांला अर्धेमुर्धे कळे. दैनंदिन्या आणि चिठ्ठ्या मात्र जपानीत होत्या, म्हणजे वाड्यात काय घडले हे ज्या कागदांवर लिहिलेले होते ते हातात असूनही आम्हांला वाचता येत नव्हते. त्यात खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवणारे मेमरी कार्ड काकांनी आणलेले नव्हते. खेळात प्रगती जपण्यासाठी टंकलेखनयंत्रे ठेवलेली आहेत, त्यांच्या शाईच्या फिती शोधाव्या लागतात. आम्ही त्या फिती भक्तिभावाने गोळा करत असू आणि वीज गेली की पुन्हा जेवणघरातल्या त्या मोठ्या घड्याळापासून सुरुवात करत असू. परिणामी वाड्याच्या पहिल्या काही खोल्या मला आमच्या घराच्या माजघराइतक्या पाठ होत्या आणि पुढचे सारे अज्ञात राहिले.

पाठ असण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. वाड्यात काटकोनात वळणारा एक बोळ आहे, आणि मूळ खेळात तुम्ही तिथून पहिल्यांदा चालू लागलात की खिडकीची काच फोडून कुत्रा अंगावर येतो. २००२ साली शिंजी मिकामी यांनी आपलाच खेळ गेमक्यूब या दुसऱ्या खेळयंत्रासाठी मुळापासून पुन्हा बांधला, तेव्हा जुना खेळाडू त्या बोळात श्वास धरून शिरणार हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी पहिल्या फेरीत काचेला नुसता तडा जाऊ दिला. कुत्रे येतात ते नंतर, माणूस निर्धास्त झाल्यावर. तसेच, मारून टाकलेला झाँबी, म्हणजे चालते प्रेत, जाळला नाही किंवा त्याचे डोके उडवले नाही तर तो काही वेळाने लाल होऊन पहिल्यापेक्षा वेगवान होऊन उठतो, ही भरही तेव्हाचीच. त्यामुळे रॉकेलची बाटली घेऊन कोणते प्रेत जाळायचे आणि कोणते सोडून द्यायचे याचा हिशोब करत हिंडावे लागते. जुना खेळ नव्याने करण्याचे याहून बुद्धिमान उदाहरण मला माहीत नाही. बाकीचे लोक चित्रे घासूनपुसून घेतात; मिकामींनी आमच्या आठवणीलाच सापळा लावला. २०१९ साली नव्याने केलेल्या दुसऱ्या भागातही काहीसे असेच केले आहे: १९९८ साली जो धिप्पाड माणूस दुसऱ्या फेरीपुरता भेटत असे, तो आता दिसत नसतानाही वरच्या मजल्यावरून त्याच्या बुटांचा आवाज येतो, आणि एकदा तो आवाज ऐकला की कपाटे उघडण्यात मन लागत नाही.

घासूनपुसून घेण्याचे मात्र मला वावडे आहे. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’ या दुसऱ्या एका भयाच्या खेळात सगळ्या गावावर धुके आहे, कारण प्लेस्टेशनला दूरवरचे रस्ते आणि घरे एकदम रेखाटणे झेपत नव्हते. पावसात चोर्ला घाटातून बस जाते तेव्हा चालकाला समोरचे जेमतेम दिसते आणि प्रवाशांना तेही नाही. त्या गावात आपण सदैव अशा बसमधल्या प्रवाशासारखे असतो. रेडिओ खरखरू लागला की काहीतरी जवळ आले आहे एवढेच कळते. पुढे २००१ च्या दुसऱ्या भागाची उजळलेली आवृत्ती २०१२ साली निघाली, तेव्हा करणाऱ्यांच्या हाती खेळाच्या मूळ संगणक-संहितेची अपुरी प्रत आली होती आणि एकदा निस्तरलेले दोष त्यांना पुन्हा निस्तरावे लागले. त्या आवृत्तीत धुके इतके विरळ झाले की जिथे काहीच दिसायला नको तिथे सारे काही दिसू लागले. २०२१ साली ‘सॅन अँड्रियास’ या जुन्या खेळाच्या उजळलेल्या आवृत्तीचेही तेच झाले: धुरकट हवा काढून टाकल्यावर विमानातून एका शहराच्या पलीकडे लगेच दुसरे दिसू लागले, आणि जे राज्य आम्हांला अफाट वाटत होते ते एखाद्या वाड्याच्या परसाएवढे निघाले. त्या खेळाबद्दल कंपनीने माफी मागितली. चित्र स्वच्छ करणे म्हणजे खेळ सुधारणे, असे मानणाऱ्या माणसाच्या हाती भयकथा देऊ नये, असे माझे मत आहे. ‘सायलेंट हिल’च्या दुसऱ्या भागाचे २०२४ साली ब्लूबर टीम या कंपनीने केलेले नवे रूप मला आवडले ते त्यांनी धुके शाबूत ठेवले म्हणून, जरी मूळच्यापेक्षा ते बरेच लांबले आहे आणि मारामारी माझ्या चवीपेक्षा जास्त आहे.

भयाचे खेळ रात्री दिवे मालवून खेळावेत, असे जो तो सांगतो. मला ते मान्य नाही. ते दुपारी खेळावेत. गोव्यातली दुपार म्हणजे दुकानांच्या फळ्या लागलेल्या, जेवून सगळे आडवे झालेले, कुत्रीसुद्धा सावलीला. आजी आम्हांला रात्रीपेक्षा भर माध्यान्ही झरीकडे जायला मनाई करायची, कारण देवचार, म्हणजे गावाची राखण करणारे भूत, तेव्हा राखणीला फिरतो असे ती सांगे. रात्री माणूस भ्यायच्या तयारीनेच बसतो, तेव्हा घाबरला तर त्यात नवल ते काय! लख्ख उजेडात, शेजारच्या खोलीत कोणीतरी घोरत असताना जो खेळ घाबरवतो तो खरा.

माझी दुसरी खोड भाच्याला अजिबात पटत नाही. मी काडतुसे वापरत नाही. दिसतील तेवढी उचलतो, खेळातल्या सामानाच्या पेटीत नेऊन ठेवतो आणि झाँबीला वळसा घालून पळतो, कारण पुढे याहून मोठे काहीतरी येणार आहे याची मला खात्री असते. मेमरी कार्डाशिवाय वाढलेल्या माणसाचा काटकसरीपणा जात नाही. यंदा अखेर मी तो खेळ शेवटपर्यंत नेला. जे लहानपणी कधीच दिसले नव्हते ते सगळे दिसले: तळघरातली प्रयोगशाळा, गच्चीवरचा शेवटचा राक्षस, हेलिकॉप्टरमधून कोणीतरी खाली टाकलेले रॉकेटचे अस्त्र, आणि त्या एका नेमात सगळे आटोपते. नंतर वाडा स्फोटात उडाला, पहाट झाली, पडद्यावर नावे सरकू लागली. पेटीत काडतुसांचा डोंगर तसाच शिल्लक होता. भाच्याने विचारले, “मग ही कशाला साठवलीस?” मी त्याला चहा टाकायला सांगितला.